निखारा गेला, तंबाखू तिथेच आहे

‘इलेक्ट्रिक हुक्का ओढा. कोळसा नाही, म्हणून विषारी वायू नाही. धूर नाही, फक्त सुगंधी वाफ. उरलीसुरली घाण पाणी गाळून घेतं. व्यसनही लागत नाही.’ हा संदेश सगळीकडे फिरतोय. मला तो माझ्या मावसभावाने पाठवला. त्याला मनापासून हुक्का कमी करायचाय, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

कोळशाचा मुद्दा बराचसा खरा आहे, आणि तो मान्य केलाच पाहिजे. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट धरतो. हुक्का ओढून डोकं जड होतं, गरगरतं, त्याला लोक ‘किक’ म्हणतात. पुष्कळदा तो याच वायूचा परिणाम असतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निखाऱ्याच्या जागी विजेची उष्णता देऊन पाहिली. हुक्क्याच्या धुरातला सुमारे ९० टक्के कार्बन मोनॉक्साइड कोळशाचाच असतो, असं त्यातून दिसलं. म्हणजे इलेक्ट्रिक हुक्क्यात असते तशी, निखाऱ्याऐवजी विजेवर तापणारी कॉइल लावली की हा वायू खूप कमी होतो. पण संदेश इथे थांबत नाही.

‘फक्त वाफ’ हे साफ खोटं आहे. चिलमीत तंबाखू असतो, काकवी किंवा मधात आणि ग्लिसरीनमध्ये भिजवलेला. बैठक संपल्यावर मावसभावाच्या चिलमीवरची फॉइल मी स्वतः उचलून पाहिली. वरचा थर करपून काळा पडला होता, कडेला जळक्या साखरेची पापडी धरली होती, बोटाला चिकट डांबरासारखं लागलं. हे वाफेचं काम नव्हे. साखर आणि ग्लिसरीन तापून विघटित झालं की फॉर्मल्डिहाइड, ॲक्रोलिन असे फुप्फुसांना जाळणारे पदार्थ तयार होतात. उष्णता कोळशाची की विजेची, याने त्यांना फरक पडत नाही.

शिवाय निखाऱ्याची राख झाली की बैठक आपसूक आटोपते. कॉइल मात्र वीज आहे तोवर तापत राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या टिपणानुसार तासाभराच्या हुक्क्यात एका सिगारेटच्या १०० ते २०० पट धूर ओढला जाऊ शकतो. झुरका तेवढाच मोठा, आणि बैठक लांबली तर काय होईल याचा विचार करा.

पाण्याबद्दल थोडक्यात. तळाचं पिवळट पाणी दाखवून लोक म्हणतात, ‘बघ, घाण इथे राहिली.’ थोडी राहतेही. पण धूर बुडबुड्यांच्या पोटात बसून वर येतो. बारीक कण आणि बरंचसं निकोटीन त्याच्यासोबत येतं. पाण्याने धूर थंड होतो, म्हणून घसा खवखवत नाही आणि झुरका अधिक खोल जातो.

राहिलं व्यसन. तंबाखू आहे तिथे निकोटीन आहे, आणि सवय निकोटीनचीच लागते. ‘हर्बल’ मिश्रणात ते नसतं, पण जळण्या-करपण्यातून येणारे बाकीचे पदार्थ तसेच राहतात.

मावसभावाला मी फोनवर एवढंच विचारलं, ‘डब्यावर काय लिहिलंय, वाच.’ त्याने वाचलं. पहिलाच शब्द तंबाखू होता.