जगात जर्मनी, भारतात परभणी, मध्ये ४०४

‘दादा, उबुंटू लालच लाल लिहायलंय.’

असा फोन आला की मी आधी खाली बसून घेतो. ‘काय म्हणायलंय?’ ‘फेल्ड म्हणायलंय.’ ‘कशात फेल?’ ‘आता ते कुठं वाचलं!’ आमच्या परभणीत ‘फेल’ या शब्दाच्या पुढचं वाचायची रीतच नाही. आणि ॲप्टला, म्हणजे उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टिमवर सॉफ्टवेअर आणून बसवणाऱ्या हुकुमाला, जे काही सांगायचं असतं ते नेमकं त्याच्या पुढं असतं.

आधी मोंढ्याचा हिशेब. टर्मिनलमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीत, मारलेलं ‘ॲप्ट अपडेट’ एकही पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअरचं गाठोडं, बसवत नाही. ते नुसतं आजचे भाव विचारून येतं: कुठलं पॅकेज, कितवी आवृत्ती, कुठल्या गोदामात. माल उचलायचं काम ‘ॲप्ट अपग्रेड’चं. आपण मात्र पंधरा दिवसांपूर्वीची यादी खिशात घालून थेट माल उचलायला जातो. तोवर, समजा, ओपनएसएसएल नावाच्या पॅकेजची जुनी फाइल काढून गोदामात नवी लावलेली असते. जुन्या नावानं मागितलं की उत्तर येतं ४०४, म्हणजे ‘सापडत नाही’. शेवटच्या ओळीत ॲप्ट बिचारं भिडस्तासारखं ‘मे बी रन ॲप्ट-गेट अपडेट’ असा उपायही सुचवतं. अपडेट मारा, मग अपग्रेड मारा. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं.

नाही भागलं तर तुमचं उबुंटूच रिटायर झालंय का ते बघा. एलटीएस, म्हणजे लांब मुदतीची आवृत्ती, सम वर्षाच्या एप्रिलमध्ये येते आणि तिला ५ वर्षं अपडेट मिळतात. मधल्या आवृत्त्यांचं आयुष्य ९ महिने. २३.१० ही ऑक्टोबर २०२३ मध्ये आली नि जुलै २०२४ मध्ये निवृत्त झाली. निवृत्तांचं बिऱ्हाड पुढं ‘ओल्ड-रिलीजेस’ नावाच्या सर्व्हरवर हलवतात, आणि आपण जुन्या पत्त्यावर कडी वाजवत बसतो. ज्यांना दर ९ महिन्यांनी घर बदलायची हौस नाही, त्यांनी गुमान एलटीएस घ्यावं.

पत्त्यावरून आठवलं. गोदामांचे पत्ते ज्या सोर्सेसच्या फायलीत असतात, ती कुठून तरी उतरवून घेतलेली असली की तिच्यात ‘डीई डॉट आर्काइव्ह’ असा पत्ता निघतो. डीई म्हणजे जर्मनी! ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण एवढ्या तंतोतंत पाळायची काही गरज नव्हती. डीईच्या जागी आयएन करा, नाहीतर देशाची अक्षरंच पुसून मूळ सर्व्हर ठेवा. २४.०४ नव्यानं टाकलं असेल तर ही फाइल ‘सोर्सेस डॉट लिस्ट डॉट डी’ या फोल्डरात ‘उबुंटू डॉट सोर्सेस’ नावानं सापडते. जुनी ‘सोर्सेस डॉट लिस्ट’ उघडून ‘आत काहीच नाही’ असा फोन करू नका.

‘हॅश सम मिसमॅच’ म्हणजे पावती एका पोत्याची नि काट्यावर दुसरंच पोतं. आरसा सर्व्हर, म्हणजे मूळ सर्व्हरची नक्कल ठेवणारा, तिकडून माल उतरवत असताना मधेच तुम्ही पोचलात, किंवा वाटेतल्या प्रॉक्सीनं, म्हणजे मधल्या दलाल सर्व्हरनं, शिळी फाइल टेकवली, की असं होतं. तासाभरानं बघा. तरीही तेच असेल तर ‘व्हार, लिब, ॲप्ट, लिस्ट्स’ या फोल्डरातल्या याद्या पुसून पुन्हा अपडेट मारा. हे फोनवर सांगताना माझ्या पोटात गोळा येतो.

‘सुडो, जागा सोड, आरएम, जागा सोड, डॅश आरएफ, जागा सोड. आता स्लॅश व्हार स्लॅश लिब स्लॅश ॲप्ट स्लॅश लिस्ट्स स्लॅश, लगेच स्टार.’

‘स्टारच्या आधी जागा सोडू?’

‘नको रे बाबा!’

तिथं जागा पडली तर याद्यांबरोबर तो ज्या फोल्डरात उभा आहे तिथलं सगळं जातं, बहिणीच्या लग्नाच्या फोटोंसकट. म्हणून एंटरच्या आधी अख्खी ओळ वाचून दाखवायला लावायची. हाच माणूस इतर वेळी काही वाचत नाही.

कॉलेजच्या वायफायवर ‘क्लिअरसाइन्ड फाइल’, ‘नोस्प्लिट’ असं काही दिसलं तर लॉगिन राहिलंय. ॲप्टनं यादी मागितली, वायफायनं लॉगिनचं पान हातात दिलं. ब्राउझर उघडा, लॉगिन करा, झालं. ‘रिझॉल्व्हिंग’ शब्द असेल तर गूगलच्या ८.८.८.८ या सर्व्हरला पिंग करा, म्हणजे नुसती हाक मारून बघा. ते पोचतंय आणि नावानं पोचत नाही, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारं डीएनएस बिघडलंय. ‘नॉट व्हॅलिड येट’ म्हणजे तुमचं घड्याळ मागं आहे. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर सीआर२०३२ नावाचा ३ व्होल्टचा चपटा सेल असतो. तो मेला की लाईट जाऊन आल्यावर मशीन जुन्या तारखेत जागं होतं, आणि आजची यादी त्याला भविष्यातली वाटते. सेल बदला.

लाईट अपग्रेडच्या मध्यात गेली तर? ‘सुडो डीपीकेजी, दोन डॅश कॉन्फिगर, एक डॅश ए’. अर्धवट बसलेली पॅकेजं ते पुरी करतं. त्यानंतर ‘सुडो ॲप्ट, दोन डॅश फिक्स-ब्रोकन, इन्स्टॉल’.

‘कुड नॉट गेट लॉक’ दिसलं तर मात्र हात जोडून सांगतो, कुलपाची फाइल उडवू नका. आत कुणीतरी आहे म्हणून कडी लावलीय. बहुतेक वेळा उबुंटूचं आपोआप चालणारं अपडेटच असतं. त्याचं नाव आणि प्रोसेस नंबर त्याच ओळीत छापलेला असतो. चहा टाका, तोवर ते बाहेर येतं.

चहा संपेस्तोवर फोन पुन्हा वाजतो. ‘दादा, झालं वाटतं, पण निकाल लई खराब लागलाय.’

‘वाच की.’

‘झीरो अपग्रेडेड, झीरो न्यूली इन्स्टॉल्ड, झीरो टू रिमूव्ह अँड झीरो नॉट अपग्रेडेड. चारही विषयात झीरो!’