डाव मांडणाऱ्याला कधी विचारणार?

घरातला माणूस सट्ट्यात होतं नव्हतं ते घालवून बसला की सगळे त्याच्यावर तुटून पडतात. 'अक्कल गहाण टाकली होतीस का?' 'मनावर जरा ताबा नको?' ज्या अ‍ॅपने त्याला रात्री दोन वाजता बोनसचं आमिष दाखवून परत बोलावलं, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. मला याची मनस्वी चीड येते.

जुगाराचं व्यसन हा आजार आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये त्याला दारू-ड्रग्जच्या व्यसनांच्या गटात घातलं, जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतही तो आहे. पण आपण जागे होतो ते माणूस पार बुडाल्यावर. कॉलऱ्याची साथ आली तर नुसतं 'पाणी उकळून प्या' म्हणून थांबतो का? विहीर तपासतोच ना?

इथली विहीर म्हणजे खेळाची रचना. डाव जितका झटपट, तितका विचार करायला वेळ कमी. स्लॉट मशीनवर, म्हणजे पैसे लावले की चित्रं फिरवणाऱ्या जुगाराच्या यंत्रावर, शंभर लावून वीस परत आले तरी दिवे लुकलुकतात, जिंकल्याचं संगीत वाजतं. ऐंशी गेलेत, पण मेंदूला वाटतं जिंकलो. 'थोडक्यात हुकलं' असं वाटायला लावणारी चित्रंही मुद्दाम तशी जुळवतात. त्यात 'गेलेले तेवढे काढतो आणि बंद करतो' हा हट्ट एकदा डोक्यात बसला की माणूस खोल जातो.

ब्रिटनमधल्या सट्ट्याच्या दुकानांत अशी मशीन होती, जिथे दर २० सेकंदांना १०० पौंडांपर्यंत लावता यायचे. एप्रिल २०१९ मध्ये ही मर्यादा २ पौंडांवर आणली. पुढच्या वर्षी क्रेडिट कार्डावर जुगार खेळणं बंद केलं, म्हणजे निदान उसन्या पैशांची ती एक वाट तरी बुजली. नॉर्वेने तर २००७ मध्ये स्लॉट मशीन सरसकट उचलली. नंतर सरकारी कंपनीची नवी मशीन आली ती हरण्यावर मर्यादा आणि मध्ये सक्तीची विश्रांती घेऊनच. जुन्या मशीन गेल्यावर मदतवाहिनीकडे येणारे फोन कमी झाले. तिथली माणसं काही रातोरात निग्रही झाली नव्हती.

म्हणून जाहिरातीखाली बारीक अक्षरात येणारं 'जबाबदारीने खेळा' मला संतापजनक वाटतं. सगळी जबाबदारी खेळणाऱ्याची, आणि चोवीस तास दार उघडं ठेवणाऱ्याची काहीच नाही? खर्चाची मर्यादा शोधून चालू करायची सोय नको, ती पहिल्यापासून सगळ्यांना लागू हवी.

आणि फक्त टोकाच्या व्यसनींकडे बघूनही भागणार नाही. अधूनमधून खेळणारे संख्येने कितीतरी जास्त, त्यामुळे समाजाच्या एकूण नुकसानीत त्यांचाही वाटा मोठा असतो. हप्ता थकतो, बायकोपासून लपवाछपवी सुरू होते, झोप उडते. हे कुठल्याच दवाखान्याच्या नोंदीत येत नाही. झोप लागत नाही म्हणून आलेल्या रुग्णाला डॉक्टर दारू-तंबाखूबद्दल विचारतात, तसं जुगाराबद्दलही विचारायला हवं.

उपचारांचा खर्च धंदेवाल्यांकडून घ्यावा, पण देणगी म्हणून नव्हे. ब्रिटनने एप्रिल २०२५ पासून त्यासाठी सक्तीचा आकार लावलाय. संशोधन कशावर करायचं, शाळांत मुलांना काय शिकवायचं, हे ठरवताना मात्र या कंपन्यांना टेबलाशी खुर्ची देऊ नये.