कॅपिटल लेटर आणि गोष्टीचे घटक एकाच उताऱ्यावर शिकवा

सहावी ते आठवीच्या इंग्रजीची उजळणी सुरू झाली की बहुतेक ठिकाणी दोन वेगळे दिवस ठरलेले असतात. एक ग्रामरचा. त्यात कॅपिटल लेटरचे नियम फळ्यावरून उतरवून घ्यायचे. दुसरा धड्यांचा. त्यात कॅरेक्टर (पात्र), सेटिंग (स्थळ-काळ), प्लॉट (कथानक), थीम (आशय) यांच्या व्याख्या वहीत लिहायच्या. मुलं दोन्ही पाठ करतात आणि पेपरात दोन्हीकडे मार्क घालवतात. माझं स्पष्ट मत आहे की ही उजळणी एकाच उताऱ्यावर, एकाच तासाला, हातात पेन्सिल घेऊन व्हायला हवी. वाक्याच्या मध्येच आलेलं कॅपिटल लेटर बहुतेक वेळा गोष्टीतलं माणूस, ठिकाण किंवा काळ दाखवत असतं. मुलाला ते दिसायला लागलं की नियमही कळतो आणि गोष्टही.

आधी आपल्या सोलापूरच्या वर्गाकडे बघा. घरी मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारी मुलं इथे शेजारी शेजारी बसतात, आणि या चारही भाषांच्या लिपीत कॅपिटल-स्मॉल असा भेदच नाही. जे मूल सोलापूरचा एस स्मॉल काढतं ते निष्काळजी नसतं. नावाला वेगळं अक्षर लागतं ही सवय त्याच्या डोळ्याला कधी लागलेलीच नसते. त्यात बाहेर दिसणारी इंग्रजी गोंधळ वाढवते. रेल्वे स्टेशनवरचं गावाचं नाव सगळं कॅपिटलमध्ये, नव्या पेठेतल्या दुकानांच्या पाट्या बऱ्याचदा तशाच, फॉर्मवर तर ब्लॉक लेटर्समध्येच भरा अशी सूचना. उलट मोबाईलवर मराठी रोमन अक्षरांत टाईप करताना सगळं स्मॉल, आणि वाक्याचं पहिलं अक्षर कीबोर्डच कॅपिटल करून देतो. म्हणजे स्वतः ठरवून कॅपिटल काढण्याची वेळ मुलावर फक्त वहीत येते. म्हणून “किती वेळा सांगितलं” या वाक्याचा काही उपयोग होत नाही.

दुसरी अडचण हाताची आहे आणि तिच्याकडे फार कमी लक्ष जातं. सी, ओ, पी, एस, यू, व्ही, डब्ल्यू, एक्स, झेड या अक्षरांचं कॅपिटल आणि स्मॉल रूप जवळपास सारखंच दिसतं, फरक फक्त उंचीचा आणि जागेचा. चाररेघी वहीत तो स्पष्ट असतो. कॅपिटल पहिल्या रेघेपासून तिसऱ्या रेघेपर्यंत, स्मॉल एस मधल्या दोन रेघांत, आणि स्मॉल पीची दांडी खाली चौथ्या रेघेला टेकते. मूल एकरेघी वहीवर गेलं की हा आधार जातो. मग सोलापूर, पंढरपूर, विजापूर यांची पहिली अक्षरं धड कॅपिटलही दिसत नाहीत आणि धड स्मॉलही. तपासणारा ती चूक धरतो, मुलाला वाटतं आपण बरोबर लिहिलं होतं. अशा मुलाला नियम पुन्हा सांगू नका. आठवडाभर रोज पाच ओळी चाररेघी वहीत लिहून घ्या, त्याही फक्त याच अक्षरांनी सुरू होणाऱ्या नावांच्या.

तिसरी गोष्ट पूर्णविरामाची. वाक्याच्या सुरुवातीचं कॅपिटल चुकतं तेव्हा दहापैकी बऱ्याच मुलांचा घोळ खरं तर फुलस्टॉपचा असतो. मूल ‘अँड’, ‘देन’, ‘सो’ लावत वाक्य पुढे ओढत नेतं. वाक्य कुठे संपलं हेच ठरलेलं नसेल तर पुढचं कुठून सुरू होणार? उपाय सोपा आहे. प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारायला लावा. दोन क्रियापदांच्या मध्ये जोडणारा शब्द नसेल तर बहुतेक वेळा तिथे फुलस्टॉप हवा, आणि फुलस्टॉपनंतर कॅपिटल. तपासताना शेवटच्या वाक्यापासून उलटं वर यायला सांगा. सरळ वाचताना मूल अर्थाच्या मागे धावतं आणि अक्षराकडे बघत नाही.

आता उतारा. हा फळ्यावर पूर्ण स्मॉल अक्षरांत लिहायचा, इंग्रजीतच. इथे देवनागरीत देतो आहे, त्यामुळे कॅपिटल तुम्हालाच ठरवावी लागतील:

इट वॉज द सेकंड वीक ऑफ जानेवारी. आय वॉज वेटिंग निअर सिद्धेश्वर टेंपल विथ माय ग्रँडफादर. “डू यू सी द नंदीध्वज?” ही आस्क्ड. बट आय कुड ओन्ली सी द क्राउड, अँड माय सिस्टर मीना वॉज नॉट इन इट.

यात एकूण ९ कॅपिटल आहेत. वाक्याच्या सुरुवातीची तीन: इट, आय, बट. अवतरणाच्या सुरुवातीचं एक: डू. उरली पाच: जानेवारी, सिद्धेश्वर, टेंपल, दुसरा आय आणि मीना.

मुलं अडखळतात ती ठरावीक ठिकाणी. ‘ही आस्क्ड’मधला एच. आधी प्रश्नचिन्ह आलंय म्हणून मुलं तो कॅपिटल करतात, मोबाईलही करतो. पण वाक्य तिथे संपलेलं नाही, ‘विचारलं’ हा त्याचाच भाग आहे, म्हणून एच स्मॉल. दुसरं ठिकाण ग्रँडफादर आणि सिस्टर. आधी ‘माय’ आहे, म्हणून स्मॉल. तोच शब्द हाक मारताना किंवा नावासारखा आला, “ग्रँडफादर, वेट!” असा, तर जी कॅपिटल. तिसरं टेंपल. देवळाच्या नावाचा भाग आहे म्हणून टी कॅपिटल, पण पुढच्या वाक्यात नुसतं ‘द टेंपल’ आलं तर स्मॉल. नंदीध्वज म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत मिरवतात ते उंच काठीचे ध्वज. ते सात असतात, ते एका वस्तूचं विशेषनाम नाही, म्हणून एन स्मॉल.

शेवटच्या दोन उदाहरणांतच सगळ्यात चिवट चूक लपलेली आहे. कॅपिटल विसरणारी मुलं सुधारतात. नको तिथे टाकणारी लवकर सुधारत नाहीत, कारण त्यांना महत्त्वाचा वाटणारा प्रत्येक शब्द मोठा करावासा वाटतो: टीचर, स्कूल, एक्झाम, फार्मर. त्यांना एकच प्रश्न विचारायची सवय लावा: हे एकाचंच नाव आहे, की असे पुष्कळ असू शकतात? पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर युनिव्हर्सिटी, यातल्या पाचही शब्दांना कॅपिटल. ‘द युनिव्हर्सिटी वॉज क्लोज्ड’ म्हटलं की यू स्मॉल. डॉक्टर कोटणीस, डी कॅपिटल. ‘द डॉक्टर वेन्ट टू चायना इन १९३८’ यात डी स्मॉल, चायनाचा सी कॅपिटल. सोलापूरच्या चार हुतात्म्यांवर दोन वाक्यं लिहायला सांगा: मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, आणि त्यांच्या फाशीचा दिवस १२ जानेवारी १९३१. नावांची आठ कॅपिटल आणि महिन्याचं एक. ‘मार्टर’ मात्र स्मॉल, आणि ते लिहिताना मुलांचा हात हमखास थबकतो. मान म्हणून कॅपिटल देत नाहीत, नाव आहे म्हणून देतात, हे तिथे नीट समजावून सांगायची संधी मिळते.

वार, महिने, सण यांना कॅपिटल. समर, विंटर यांना नाही. मराठी, कन्नड, इंग्लिश या विषयांना आहे कारण त्या भाषा आहेत, मॅथ्स आणि सायन्सला साध्या वाक्यात नाही. पत्राच्या शेवटी ‘यूअर्स फेथफुली’त वाय कॅपिटल, एफ स्मॉल. एवढं पुरे.

आता त्याच उताऱ्यावर गोष्टीचे घटक घ्या. उरलेल्या पाच कॅपिटलना गोल करून तीन गटांत टाका. जानेवारी आणि सिद्धेश्वर टेंपल सेटिंगमध्ये. मीना कॅरेक्टरमध्ये. आणि अवतरणाच्या बाहेर आलेला आय सांगतो की गोष्ट फर्स्ट पर्सनमध्ये आहे, म्हणजे गोष्टीतलंच एक पात्र ती सांगतंय. अवतरणाच्या बाहेरचा, हे महत्त्वाचं. संवादात तर कुठलंही पात्र आय म्हणतं, तेवढ्यावरून मुलं थर्ड पर्सनच्या गोष्टीला फर्स्ट पर्सन ठरवून मोकळी होतात. अवतरणातला भाग बोटाने झाका आणि मग सर्वनामं बघा.

लगेच पुढचा प्रश्न विचारा: कोणतं पात्र सुटलं? आजोबा. त्यांना कॅपिटल नाही, तरी ते पात्र आहेतच. सेटिंगमधली यात्रेची गर्दीही स्मॉल अक्षरांतच आहे. कॅपिटल धागा दाखवतं, सगळं दाखवत नाही, आणि हे मुलांना स्वतःला सापडलं तर ते विसरत नाहीत.

सेटिंगच्या उत्तरात मुलं ‘सोलापूर’ एवढंच लिहितात आणि अर्धे मार्क जातात. ठिकाण, वेळ आणि आजूबाजूची परिस्थिती, तिन्ही हवं. मग विचारा, हेच तिघं एखाद्या रिकाम्या मैदानावर उभे असते तर? मीना लगेच दिसली असती, गोष्टच घडली नसती. म्हणजे इथली सेटिंग नुसती पार्श्वभूमी नाही, अडचण तीच निर्माण करते. असं एक वाक्य उत्तरात आलं की तपासणाऱ्याला कळतं, मुलाने गोष्ट वाचली आहे.

कॉन्फ्लिक्ट (संघर्ष) शोधायला ‘बट’वर बोट ठेवा. कोणाला काय हवंय, पण काय आडवं येतंय, म्हणून तो काय करतो, शेवटी काय होतं. या चार तुकड्यांत कुठल्याही धड्याचा प्लॉट बसवता येतो. एक्स्पोझिशन, रायझिंग ॲक्शन या शब्दांची पाठांतरं त्यानंतर करा, आधी नको.

क्लायमॅक्सवर जरा थांबा, कारण इथे गाईडमुळे बराच गोंधळ होतो. सगळ्यात थरारक प्रसंग म्हणजे क्लायमॅक्स असं मुलं समजतात. हा उतारा पुढे सहा वाक्यांत पूर्ण करायला सांगा. बरीच मुलं नंदीध्वजांची मिरवणूक येते तिथे क्लायमॅक्स दाखवतील, कारण दृश्य भव्य आहे. पण गोष्टीने उभा केलेला प्रश्न ‘मीना सापडेल का’ हा आहे. तो ज्या क्षणी एका बाजूला झुकतो तो क्लायमॅक्स, मग तो क्षण एखाद्या ओट्यावर चढून हाक मारण्याइतका साधा का असेना.

थीम सगळ्यात शेवटी. ‘हरवणं’ हा टॉपिक झाला. ‘गर्दीत मोठ्यांचा हात सोडू नये’ हे तात्पर्य झालं, आणि लहानपणापासून बोधकथा ऐकलेली आपली मुलं तिथेच थांबतात. थीम पूर्ण वाक्यात असते आणि या गोष्टीच्या बाहेरही लागू पडते: आपलं माणूस दिसेनासं झालं की आनंदाची जागाही परकी वाटते. ही थीम कशावरून, तर ‘आय कुड ओन्ली सी द क्राउड’ या शब्दांवरून. शब्द दाखवता आले नाहीत तर ती थीम धरू नका. सिमिली (उपमा), मेटाफर (रूपक) हे भाषेचे अलंकार, घटक नव्हेत. त्यांचा तास वेगळा घ्या.

वही तपासताना लाल पेनाने अक्षर दुरुस्त करून देऊ नका. ज्या ओळीत चूक आहे त्या ओळीसमोर समासात फक्त आकडा लिहा, २ म्हणजे दोन चुका. शोधायच्या मुलाने. एका आठवड्यात एकाच नियमाच्या चुका मोजा, बाकीच्या दिसल्या तरी सोडून द्या. हे तपासणाऱ्याला जड जातं, पालकांनाही “चुका तशाच ठेवल्या” असं वाटतं, त्यांना आधी सांगून ठेवा. क्रम असा ठेवा: पहिल्या आठवड्यात वाक्याची सुरुवात आणि आय, दुसऱ्यात माणसं आणि गावं, तिसऱ्यात वार-महिने-सण-भाषा, चौथ्यात नाती, पदव्या आणि अवतरणं. शीर्षकातले शब्द, जिथे ‘ऑफ’, ‘द’, ‘अँड’ मध्ये आले की स्मॉल आणि पहिल्या जागी आले की कॅपिटल, ते पाचव्यात घेतलं तरी चालेल.