सूर्याला पहिले किरण किती?

माझं नाव दत्तात्रय. ते किती वाईट आहे हे मला माझ्याच नातवाच्या बारशाला कळलं, तेही सुनेच्या मामांकडून. म्हणजे त्यांनी ते मला नाही, अख्ख्या हॉलला सांगितलं. मी घुगऱ्यांची वाटी घेऊन शेजारीच उभा होतो.

पाळणा सजला होता, बायका जमल्या होत्या, नाव मात्र ठरत नव्हतं. सूनबाईने रीत म्हणून विचारलं, "बाबा, तुमच्या मनात काही आहे का?" मी घास गिळेपर्यंत मामांनी ताबा घेतला.

"जुनं नको हं काही. आता काकांचंच घ्या, दत्तात्रय. हे नाव घेऊन पोरगा उद्या अमेरिकेत गेला तर तिथला टीचर काय हाक मारेल? डेटा... ट्रे... या!" असं म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी हवेत ट्रे धरला. "त्याला वाटेल, कॉम्प्युटरचा काहीतरी पार्ट आला वर्गात!"

हॉल हसला. माझी बायको सगळ्यांत शेवटी थांबली. बारा दिवसांचं पोर, अजून मान धरत नाही, आणि याला अमेरिकेतल्या मास्तरची काळजी. माझी आजी नरसोबाच्या वाडीला नवस बोलली होती म्हणून मी दत्तात्रय. खरं तर दत्तात्रेय, अत्रींचा मुलगा म्हणून आत्रेय. पण शाळेच्या दाखल्यावर मात्रा पडली आणि मी जन्मभर त्रय राहिलो. तेवढ्याची मला सवय होती. ट्रेची नव्हती.

मामांचा धंदा प्लायवूडचा. पण नावं ठेवण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही, दोन्ही अर्थांनी. फोनवर अ‍ॅप, खिशात अंकशास्त्रवाल्याने दिलेली चिठ्ठी, आणि बोलताना समोरच्याच्या दंडाला धरायची सवय. मला धरूनच ते सुरू झाले.

"विवान. सूर्याचा पहिला किरण."

"छान. दुसरं?"

"अयांश. सूर्याचा पहिला किरण."

"आणि ते रेयांश म्हणत होतात ते?"

मामांनी बोटाने फोन वर सरकवला. "हं. सूर्याचा... पहिला किरण."

"मामा, सूर्याला पहिले किरण असतात तरी किती?"

"काका," मामा अतिशय शांतपणे म्हणाले, "सूर्य रोज उगवतो."

यावर काय बोलणार? विवस्वान म्हणजे सूर्य हे मलाही ठाऊक आहे. त्यातला 'स्व' काढून विवान केला की त्याचा पहिला किरण कसा होतो, ते विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. पण मामा कियानवर पोचले होते. अ‍ॅपच्या मते अर्थ, देवाची कृपा. मी म्हटलं, हे इराणी दिसतंय. तिकडच्या दंतकथांमध्ये कयानी राजघराणं आहे, कैखुश्रू त्यातलाच.

"इराण?" मामांनी माझा दंड सोडला. "मग नको. व्हिसाला प्रॉब्लेम येतो."

तेवढ्यात गुरुजींनी पंचांगातून मान वर काढली. आर्द्रा नक्षत्र, तिसरा चरण. अवकहडा चक्र म्हणजे नक्षत्राच्या चरणावरून नावाचं पहिलं अक्षर सांगणारा तक्ता. त्यात आर्द्रेला चार अक्षरं, कु, घ, ङ, छ. आमच्या बाळाच्या वाट्याला ङ. ङ अक्षरावरून आजवर एकाही माणसाला कुणी हाक मारलेली नाही. मुलांना तो पाटीवर गिरवतानासुद्धा 'ड आणि टिंब' म्हणूनच शिकवावा लागतो. हस्ताच्या तिसऱ्या चरणाला ण आहे आणि उत्तरा भाद्रपदेच्या चौथ्याला ञ, म्हणजे असे आणखीही दुर्दैवी जीव असणार. गुरुजी समजूतदार होते. "शेजारच्या चरणाचं घ्या," म्हणाले. मी लगेच सुचवलं, "घनश्याम." कुणी ऐकलंच नाही. मामा अ‍ॅपमध्ये घ शोधत होते. सापडेना तेव्हा त्यांनी जागेवरच बनवलं.

"घृतांश! एकदम युनिक!"

"मामा, घृत म्हणजे तूप."

"पवित्रच ना? होमात घालतात."

अंश लावला की नाव होतं, असा हा कारखाना. तुपाचा तुकडा म्हणून माझा नातू शाळेत जाणार होता. सूनबाईने वेळीच डोळे वटारले म्हणून वाचला.

अर्थ, अर्थ म्हणून एवढं नाचतात तर ऐकाच. ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथात अजीगर्त नावाच्या ऋषीचे तीन मुलगे आहेत: शुनःपुच्छ, शुनःशेप आणि शुनोलांगूल. सभ्य भाषेत सांगायचं तर तिघांच्या नावाचा अर्थ एकच, कुत्र्याचं शेपूट. त्यातल्या मधल्याच्या नावावर ऋग्वेदात सूक्तं आहेत. आपल्याकडे मुलं जगत नसली की दगडू, धोंडू, भिकू, केरबा अशी नावं ठेवायचे, यमाने नाक मुरडून पुढे जावं म्हणून. हा अर्थ कुठल्या अ‍ॅपमध्ये शोधणार? धोंडो केशव कर्वे 1858 साली जन्मले आणि 1962 पर्यंत, चांगले एकशेचार वर्षं जगले. वर 1958 मध्ये भारतरत्न. स्पेलिंगमध्ये जादा अक्षर न घालता.

आजोबाचं नाव नातवाला ही तर सरळ रीत होती. बाळाजी विश्वनाथांचा नातू बाळाजी बाजीराव. सुनांना सासऱ्याचं नाव घेता यायचं नाही, म्हणून त्याच नावाच्या पोराला घरात नाना, बापू, तात्या म्हणायचं. आमच्या सूनबाईला माझं नाव घ्यायला काहीच अडचण नाही. कुरिअरवाल्याला ती जिन्यातून ओरडून सांगते. तरी मी दत्तात्रय ठेवा म्हटलं नव्हतं. काहीच म्हटलं नव्हतं! माझ्या तोंडात घुगऱ्या होत्या.

मी शेवटचा प्रयत्न केला. म्हटलं, घाई कशाला? जन्माची नोंद एकवीस दिवसांत करायची, नाव मागाहून घालता येतं. 1969 चा कायदा आणि त्याखालचे नियम तशी सोय देतात, पहिले बारा महिने तर फीसुद्धा नाही.

"फीचं सोडा काका, अंकशास्त्रवाल्याला ऑनलाइन पैसे गेलेत," मामा म्हणाले आणि चिठ्ठी काढली. रेयांश. इंग्रजीत त्यात एका ए च्या जागी दोन ए, म्हणजे बेरीज पाच येते आणि पाच म्हणजे बुध. आर्द्रा, ङ, गुरुजी, सगळं पत्रिकेच्या नावावर ढकललं गेलं. हाक मारायला रेयांश.

मग बायकांनी बाळाला पाळण्याच्या खालून-वरून दिलं-घेतलं. "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" असं सगळ्या सुरात म्हणत होत्या. त्यातल्या एकीनेही घरी गोविंद किंवा गोपाळ ठेवलेला नाही. आत्या म्हणजे माझी मुलगी. नाव ठेवायचा मान तिचा, पण तिच्या हातात मामांनी ती चिठ्ठी कोंबली. ती वाकली, बाळाच्या कानात कुर्रर्र केलं, मागून सगळ्यांनी पाठीत धपाटे घातले, टाळ्या झाल्या.

जेवताना तिला विचारलं, "नाव नीट सांगितलंस ना कानात?"

"कसलं सांगतेय, बाबा! चष्मा पर्समध्ये, आणि त्या चिठ्ठीत नुसते ए. कुर्रर्र करून उठले."

मामा समोरच्या पंगतीत दुसऱ्या कुणाचातरी दंड धरून बसले होते. मी बोललो नाही. बाळाला द्यायच्या चांदीच्या वाटीवर नाव कोरायला मी दुपारी सराफाकडे गेलो. सूनबाईची ताकीद होती, इंग्रजीतच आणि चिठ्ठीबरहुकूम. कोरणारा अक्षरावर पैसे घेतो. जादा ए चे मी भरले.