फुकट राबणाऱ्यांच्या बाजूने

"पैसे भरून सभासद व्हायचं आणि वर उन्हात फुकट राबायचं, ही तुमच्या तिकडच्या पोट भरलेल्या लोकांची हौस आहे." शाळेच्या वर्गमित्रांच्या व्हॉट्सॲप गटावर हे वाक्य आलं आणि त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. विषय कधीच मागे पडला, गटावर लग्नपत्रिका आणि वाढदिवस सुरू झाले. माझ्या डोक्यातून मात्र ते जात नाही.

26 सप्टेंबर 2025 रोजी चंडीगडला मिग-21 हे लढाऊ विमान हवाई दलातून निवृत्त झालं, तेव्हा हा विषय निघाला होता. आमच्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील नाशिकजवळ ओझरला एचएएल या सरकारी विमान कारखान्यात होते, माझेही. मिग बांधण्यासाठीच तो कारखाना तिथे 1964 साली आला. घरावरून काय गेलं ते आम्ही खिडकीशी न जाता आवाजावरून सांगायचो. त्यामुळे त्या दिवशी सगळेच हळवे झाले होते. त्या भरात एकाने सुचवलं: नाशिकला विमानप्रेमींची नोंदणीकृत संस्था काढू, वर्गणी ठेवू, एखादं निवृत्त मिग मागून घेऊन नीट सांभाळू, आणि पुढेमागे हवाई दलाला विनंती करून दरवर्षी एअर शो भरवू. मी आनंदाने लिहिलं की इथे कॅनडात, ब्रिटिश कोलंबियात मी अशाच एका संस्थेची सभासद आहे, वर्गणी भरते आणि शोच्या दिवसांत पिवळं जॅकेट घालून कामही करते. त्यावर उत्तरं आली. हे सरकारचं काम आहे. चेन्नई विसरलीस का? आपल्याकडे स्वयंसेवक म्हणजे गळ्यात बिल्ला अडकवून पुढच्या रांगेत बसणारे. आणि मग ते फुकट राबण्याचं वाक्य.

ते राबणं काय असतं, ते आधी सांगते. शोच्या दिवशी उजाडताना आम्ही धावपट्टीच्या एका टोकाला खांद्याला खांदा लावून उभे राहतो आणि दुसऱ्या टोकापर्यंत मान खाली घालून चालत जातो. खडा, स्क्रू, पत्र्याचा तुकडा, चॉकलेटचा कागद, जे दिसेल ते उचलायचं. जेट इंजिन समोरचं सगळं आत ओढतं आणि एक लहानसा स्क्रू आतली पाती फोडू शकतो. त्या रांगेत निवृत्त वैमानिक असतो, दंतवैद्य असते, शाळेतली पोरं असतात, ट्रक चालवणारा पंजाबी गृहस्थ असतो. कोण कुठल्या हुद्द्यावर आहे याची चौकशी होत नाही. पुढे दिवसभर कुणी गाड्या लावतं, कुणी पाण्याच्या टाक्या बघतं, कुणी लहान मुलांच्या मनगटावर पालकांचा फोन नंबर लिहितं. मी बहुतेक वेळा गवतावरच्या पार्किंगला असते. उन्हाळ्याच्या त्या दिवसांत डोंगरांकडून वणव्यांचा धूर आलेला असतो आणि गवत पापडासारखं वाळलेलं असतं.

पार्किंग म्हटलं की नाक मुरडलं जातं. म्हणून 23 फेब्रुवारी 2019 ची आठवण करून देते. बंगळुरूला एरो इंडिया हे विमानांचं प्रदर्शन सुरू असताना येलहंकाच्या तळाबाहेरच्या पार्किंगमध्ये वाळलेल्या गवताने पेट घेतला आणि सुमारे 300 गाड्या जळाल्या. जीवितहानी झाली नाही, हे नशीब. आमच्याकडे गवत आधी बुडापासून कापतात, ओळींमध्ये बंब जाईल एवढी वाट मोकळी ठेवतात, आणि दर थोड्या अंतरावर अग्निशामक नळकांडं घेऊन एक माणूस उभा असतो. तो माणूस फुकट राबत असतो. त्याच्या उभं राहण्याने काही घडत नाही, आणि म्हणूनच ते कुणाच्या डोळ्यांत भरत नाही.

आता चेन्नई. 6 ऑक्टोबर 2024 ला मरीना किनाऱ्यावर हवाई दलाचा शो झाला. अंदाजे 15 लाख लोक जमले असं सांगितलं गेलं. भर दुपारी उन्हात लोक उभे राहिले, परतताना स्टेशनांवर रेटारेटी झाली, आणि पाच माणसं गेली. पाणी होतं की नव्हतं, पोलीस किती होते, यावर पुढे पुष्कळ राजकारण झालं. माझ्या मित्रांनी ही घटना माझ्या तोंडावर फेकली ती अशा अर्थाने, की आपल्याकडे हे जमणारच नाही, आपली गर्दी वेगळी. मला नेमकं उलट दिसतं. त्या 15 लाखांत प्रत्येक जण प्रेक्षक होता. पाण्याचा पिंप रिकामा झाल्यावर "हे माझं काम आहे" असं म्हणणारे, एका किनाऱ्याला पुरतील इतके, तिथे कुणी तयारच केले नव्हते. हवाई दलाने आकाश सांभाळलं. जमीन सांभाळण्याची शिस्त वर्षभराच्या बैठकांतून तयार होते, आदल्या रात्रीच्या बंदोबस्ताने होत नाही.

"तिकडे सोपं असतं" हेही खरं नाही. 28 ऑगस्ट 1988 ला जर्मनीत रामस्टाईनला इटलीच्या हवाई कसरतींच्या चमूची विमानं हवेत आदळली, त्यातलं एक प्रेक्षकांत कोसळलं, 70 जण मेले. 2015 साली इंग्लंडमध्ये शोरमला एक जुनं हंटर विमान वळण पूर्ण न करता रस्त्यावर पडलं आणि 11 माणसं गेली. ती शोच्या मैदानात नव्हतीच, बाहेरच्या रस्त्यावर होती. इथे कॅनडात कसरती करणाऱ्या वेगवान जेटने गर्दीपासून 1500 फूट लांब राहायचं, हलक्या विमानाने 500 फूट, कसरतीचा रोख गर्दीकडे ठेवायचा नाही, आणि कुणी रेषा ओलांडली तर एअरबॉसने, म्हणजे हवेतल्या कार्यक्रमावर नियंत्रण ठेवणाऱ्याने, रेडिओवरून शो थांबवायचा, हे नियम पाळले जातात याचं कारण त्यांच्यामागची मढी लोक विसरलेले नाहीत. गोरे लोक जन्मतः शिस्तीचे असतात, हे मी मान्य करत नाही. मी त्यांना फुकटच्या टोप्यांसाठी भांडताना पाहिलं आहे.

आणि सभासदत्व. वर्गणी म्हणजे तिकीट, असा मित्रांचा समज झालेला दिसला, "मग पुढची खुर्ची तरी देतात का?" असं एकीने विचारलं. नाही देत. वर्गणी भरली की सर्वसाधारण सभेत मत मिळतं. ब्रिटिश कोलंबियाच्या कायद्याने अशा संस्थेला दरवर्षी सभा घ्यावी लागते, जमाखर्च सभासदांपुढे मांडावा लागतो, संचालकांना काही मानधन दिलं असेल तर तेही त्यात लिहावं लागतं. शाळेच्या जिममध्ये घडीच्या खुर्च्या मांडून, टिम हॉर्टन्सची कॉफी पीत आम्ही बसतो. शौचालयांवर इतका खर्च का झाला, पुढच्या वर्षी सैन्याचा चमू आला नाही तर काय करायचं, पाऊस पडला तर राखीव निधी पुरेल का, यावर तासन् तास बोलतो. कंटाळवाणं असतं. पण मी हात वर केला की तो मोजला जातो, आणि इतिवृत्तात माझी सूचना माझ्या नावासकट येते.

यासाठी परदेशी यायची गरज नाही. संस्था नोंदणी कायदा आपल्याकडे 1860 पासून आहे. सात माणसं, एक उद्देशपत्र, नियमावली, एवढ्यावर संस्था उभी राहते, धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब द्यायचा असतो. महाराष्ट्रात वाचनालयं, व्यायामशाळा, नाट्यमंडळं अशीच उभी राहिली. जुहूच्या मैदानावर बॉम्बे फ्लाइंग क्लब होताच, आणि जे. आर. डी. टाटांनी 10 फेब्रुवारी 1929 ला वैमानिकाचा परवाना मिळवला तो काळही अशा हौशी क्लबांचाच होता. आपण हे केलेलं आहे. मग सोडून दिलं.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो ते सांगते. याच गटावर दरवर्षी शिवकर बापूजी तळपद्यांचा निरोप फिरतो, की 1895 साली चौपाटीवर एका मराठी माणसाने राइट बंधूंच्या आधी विमान उडवलं. त्या उड्डाणाचा भक्कम पुरावा नाही, आणि ज्या 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाचा त्या निरोपात हवाला दिला जातो, त्यातली विमानं उडण्याजोगी नाहीत असं बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी 1974 सालीच दाखवलं. तरी तो निरोप पुढे ढकलताना सगळ्यांची छाती फुगते. पण कांदिवलीत घराच्या गच्चीवर खरंखुरं सहा आसनी विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव आपल्या काळातच आहेत. त्यांचं विमान 2016 ला वांद्रे-कुर्ला संकुलात लोकांनी पाहिलं, 2017 मध्ये त्याची नोंदणी झाली, आणि त्याआधी त्यांनी वर्षानुवर्षं कार्यालयांचे उंबरे झिजवले. त्यांच्यामागे दहा हजार वर्गणीदारांची एखादी मराठी संस्था उभी असती तर? इथल्या लहान लहान धावपट्ट्यांवर हँगर उघडलं की कुणीतरी घरी बांधलेलं विमान दिसतं. ते बांधणाऱ्याच्या शेजारी स्पॅनर धरून बसलेला क्लबातला म्हातारा दिसतो. तो म्हातारा नसता तर ते विमान झालं नसतं.

कॅनडातल्याच हॅमिल्टनला तर दुसऱ्या महायुद्धातलं एक अख्खं लँकॅस्टर बॉम्बर आजही उडतं. जगात उडती लँकॅस्टर दोनच आहेत, दुसरं इंग्लंडच्या हवाई दलाकडे आहे. हॅमिल्टनचं विमान एक संग्रहालय चालवतं आणि त्यामागे सभासद आणि स्वयंसेवक आहेत. मिग उडतं ठेवा असं मी म्हणत नाही, ते परवडणारं नाही आणि परवानगीही कोण देणार. पण चौकात चौथऱ्यावर चढवलेल्या विमानाची काय गत होते ते आपण पाहतो: टायर बसलेले, काच आंधळी, नाकावर नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फलक. ते पुसायला पगारी माणूस सरकार कधी नेमेल याची वाट बघायची? माझ्या वडिलांनी आयुष्यभर ज्या पत्र्याला रिव्हेट मारले, तो पत्रा पुसायला मी रविवारी गेले असते. पैसे भरून गेले असते.

वडील म्हणतील, लांबून बोलायला काय जातं. मित्रांनीही तेच लिहिलं. त्यात तथ्य आहे, म्हणून ते लागतं.

मी इथे आले तेव्हा कामावर मला माझ्या अनुभवापेक्षा खालचं पद मिळालं आणि शेजारी नमस्कारापुरते होते. मला या देशाने आत घेतलं ते नागरिकत्वाच्या समारंभात नव्हे. शपथ घेतली, झेंडा हातात घेतला, फोटो काढला, आणि गाडीत बसून मी रडले. आत आल्यासारखं वाटलं ते पार्किंगच्या ओळीत, एका म्हाताऱ्या बाईंनी रेडिओ माझ्या हातात देऊन "आता ही बाजू तुझी" असं म्हटलं तेव्हा. जवळच ॲबट्सफर्डला 1911 साली बांधलेलं गुरुद्वार आहे. लाकडाच्या गिरणीत राबणाऱ्या शीख मजुरांनी तिथलं लाकूड पाठीवर वाहून नेऊन ते उभं केलं. मताचा हक्कही नव्हता त्यांना तेव्हा. तिथे गेले की मला वाटतं, या लोकांनी परवानगीची वाट पाहिली नाही, आधी ओझी वाहिली आणि मग ही भूमी त्यांची झाली.

पण ओझं वाहायला मला कॅनडाने शिकवलेलं नाही. नाशिकच्या मिरवणुकीत ढोलपथकाभोवती दोर धरून मी चालले आहे. गर्दी आत येऊ द्यायची नाही, पण अंगावर ओरडायचं नाही. पोर दोराखालून आत घुसलं तर हाताला धरून त्याच्या आईकडे द्यायचं. विसर्जन संपलं की झाडू घ्यायचा. इथे पहिल्याच शोच्या वेळी मला कुंपणाशी उभं केलं, आणि "तुला हे कुठे शिकवलं?" असं विचारलं गेलं. हे सगळं मला गटावर सांगता आलं नाही, कारण तोवर मी "तिकडची" ठरले होते. माझ्या मित्रांनो, दोराला तुम्हीही होता. त्या वेळी कुणी पगार मागितला होता?

कॅनडाच्या हवाई दलाच्या स्नोबर्ड्स या कसरतींच्या चमूची नऊ विमानं लाल-पांढरी असतात. आपल्या हवाई दलाच्या सूर्यकिरण चमूचीही नऊ, तीही लाल-पांढरी. स्नोबर्ड्स 1971 चे, सूर्यकिरण 1996 चं. नऊ विमानांची पाचर डोक्यावरून जाते तेव्हा माझ्या मुली टाळ्या वाजवतात आणि मी दरवेळी क्षणभर शेपटीवर तिरंगा शोधते. तो नसतो. मग मीही टाळ्या वाजवते, आणि त्या खऱ्या असतात.

भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे पासपोर्ट परत करावा लागला. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर मला मत नाही. एवढंच नव्हे, मी उद्या नाशिकच्या त्या संस्थेला देणगी पाठवली तर कायद्याने ती परदेशी देणगी ठरते. ती घ्यायला वेगळी नोंदणी किंवा सरकारची पूर्वपरवानगी लागते, आणि त्या नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं चाललेली असावी लागते. ज्या गावच्या आकाशाकडे बघत मी वाढले, तिथल्या विमानाच्या टायरसाठी मला सहज पैसे देता येत नाहीत. मत तुम्हाला आहे, सही तुमची चालते, हिशेब विचारायचा हक्क तुमचा आहे, आणि तुम्ही म्हणता फुकट कोण राबणार. माझ्या चिडण्याच्या मुळाशी हे आहे, ते सांगून टाकते.

तेव्हा गटावर पुन्हा विषय काढते आहे. सात सह्या हव्यात, आणि आमच्या वर्गात नाशिकमध्येच राहणारे सातांहून जास्त आहेत. नियमावलीचा मसुदा मराठीत करून मी पाठवते. पार्किंगच्या ओळींचा आराखडा, पाण्याच्या टाक्यांमधलं अंतर, हरवलेल्या मुलांच्या तंबूची पद्धत, रेडिओवर कोणी काय बोलायचं, हे सगळं लिहून देते. त्याला कुठल्याही कायद्याची आडकाठी नाही. तीन वर्षं तुम्ही चालवा. चौथ्या वर्षी परदेशी देणगीची नोंदणी मागा, माझी देणगी तयार असेल. आणि सुट्टीत आले की मिग पुसायला मला कुठला कोपरा देणार, तेवढं आताच ठरवून ठेवा.