‘मोठा पंखा बसवा, इंजिन वाचवा’ या सल्ल्याचा प्रतिवाद

पुण्याच्या आसपासच्या धरणांवर ज्यांच्या जुन्या इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेल्या) इंजिनाच्या बोटी आहेत, त्यांच्यात सध्या व्हॉट्सॲपवरून एक सल्ला फिरतो आहे. त्याचा आशय असा: जुन्या डिझेल इंजिनाला जास्त पिचचा पंखा (प्रोपेलर) बसवावा (पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा पाण्यातून जितके पुढे सरकू पाहतो ते अंतर), म्हणजे फेरे कमी राहून झीज कमी होते, डिझेल वाचते आणि बोटही जोरात जाते, पूर्ण थ्रॉटलला इंजिन त्याच्या पाटीवर लिहिलेल्या मिनिटाच्या फेऱ्यांपर्यंत पोहोचले नाही तरी चिंता नको, कारण जुन्या इंजिनात तेवढा दम उरलेलाच नसतो, काळा धूर आलाच तर इंजेक्टर साफ करून घ्यावेत. माझी नोकरीची बहुतेक वर्षे डिझेल इंजिनांच्या टेस्ट बेडवर, म्हणजे इंजिने चालवून तपासण्याच्या जागी, गेली आणि पानशेतच्या पाण्यावर मी स्वतः एक जुनी बोट सांभाळतो. या सल्ल्याने चांगली इंजिने अकाली निकामी होतील असे मला वाटते, म्हणून त्यातले एकेक विधान तपासतो.

पहिले विधान फेरे आणि झीज यांविषयीचे आहे, आणि सगळ्या गैरसमजाचे मूळ तेच आहे. डिझेल इंजिनात थ्रॉटलचा दांडा गव्हर्नरला (फेरे राखणाऱ्या यंत्रणेला) केवळ ‘इतके फेरे हवेत’ एवढेच सांगतो, आणि तेवढे फेरे गाठण्यासाठी लागेल तितके इंधन गव्हर्नर सोडतो. पंखा इंजिनाच्या ताकदीपेक्षा जड असेल तर मागितलेले फेरे कधीच येत नाहीत, त्यामुळे गव्हर्नर इंधन पंपाचा रॅक (इंधनाचे माप ठरवणारी दांडी) शेवटच्या टोकापर्यंत उघडून तसाच धरून ठेवतो, आणि कमी फेऱ्यांमुळे सिलिंडरमध्ये जेवढी हवा येते तिच्या मानाने इंधन जास्त पडत राहते. न जळलेले इंधन काजळी होऊन बाहेर पडते, एक्झॉस्टचे तापमान चढते, आणि त्याचा मार एक्झॉस्ट व्हाल्व्ह, पिस्टनचा माथा आणि हेड गॅस्केट यांच्यावर बसतो. तीन टनांचा माल लादलेला टेम्पो चौथ्या गिअरमध्ये कात्रजचा घाट चढवणारा चालक ‘फेरे कमी आहेत, म्हणजे इंजिन आरामात आहे’ असे कधीच म्हणणार नाही. बोटीला तर खाली टाकायला दुसरा गिअरही नसतो. पंख्याचा पिच हाच तिचा एकमेव गिअर आहे.

म्हणूनच नियम असा आहे की नेहमीचे वजन चढवून, पूर्ण थ्रॉटलला इंजिनाने पाटीवरचे निर्धारित फेरे गाठलेच पाहिजेत, आणि शे-पन्नास जास्त झाले तरी चालतील. याचा अर्थ बोट कायम त्याच फेऱ्यांवर पळवायची असा नाही. पंख्याला लागणारी शक्ती साधारणपणे फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे जुळवलेला पंखा ८० टक्के फेऱ्यांवर जेमतेम निम्मी शक्ती मागतो आणि इंजिनाकडे भरपूर राखीव ताकद उरते.

डिझेल वाचते, या म्हणण्यात थोडे तथ्य आहे, आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मध्यम वेगाला, किंचित जास्त पिच असलेल्या पंख्याने तोच वेग थोड्या कमी फेऱ्यांवर मिळतो आणि काही इंजिनांत लिटरमागे थोडा फायदाही होतो. परंतु हा फायदा एक्झॉस्टला तापमापक लावून, कधीही पूर्ण थ्रॉटल न देण्याचे बंधन पाळणाऱ्या माणसालाच मिळू शकतो, आणि संध्याकाळी अचानक वारा सुटल्यावर, भरलेली बोट काठाला आणताना ते बंधन कोणीही पाळत नाही. खरी बचत वेग कमी ठेवण्यात आहे. त्यासाठी पंखा बदलावा लागत नाही.

बोट जोरात जाईल, हे तर साध्या हिशेबातच टिकत नाही. पाणी कापत जाणाऱ्या जड बोटीचा वेग तिच्या पाण्यातल्या लांबीने बांधलेला असतो: फुटांतल्या लांबीचे वर्गमूळ घेऊन १.३४ ने गुणले की नॉटमधली ही मर्यादा मिळते. ३० फुटांसाठी ती सुमारे ७.३ नॉट येते. त्यापुढे जादा पिच केवळ पाणी घुसळतो. माझ्या बोटीत पर्किन्स ४-१०८ हे इंजिन आहे आणि त्याच्या पाटीवर ३,६०० फेरे आहेत. आधीच्या मिस्त्रींनी बसवलेला पंखा १३ इंच पिचचा होता आणि पूर्ण थ्रॉटलला इंजिन २,९५० च्या पुढे जात नव्हते. पिच १० इंचांवर आणल्यावर ते ३,५८० पर्यंत गेले, बोटीचा कमाल वेग किंचित वाढला, आणि मागच्या फळीवर दर फेरीनंतर पुसावा लागणारा काळा थर बंद झाला.

जुन्या इंजिनात दम नसतो, हा युक्तिवाद उलटा लागू पडतो. इंजिन खरोखर थकले असेल, आणि ते कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासल्याशिवाय म्हणू नये, तर त्याच्यावरचा भार कमी करायला हवा, वाढवायला नव्हे. पुण्यात याला आणखी एक कारण आहे, ज्याचा विचार त्या संदेशात कुठेच नाही. खडकवासल्याचे पाणी समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटर उंचीवर आहे. टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती दर ३०० मीटरला साधारण ३ टक्क्यांनी घटते, कारण हवा विरळ होते; पंप मात्र इंधन तेवढेच सोडतो. त्यामुळे रत्नागिरी किंवा अलिबागच्या समुद्रात नेमका जुळलेला पंखा तीच बोट घाटावर आणल्यावर थोडा जडच ठरतो.

काळ्या धुराचे खापर फक्त इंजेक्टरवर फोडणे हीसुद्धा दिशाभूल आहे. खराब इंजेक्टर किंवा तुंबलेला एअर फिल्टर धूर काढतात, हे खरे. पण गिअर न्यूट्रलमध्ये असताना धूर नाही आणि पाण्यात जोर लावताच धूर येतो, फेरेही अडतात, तर आधी पंख्यावर संशय घ्यावा. एक्झॉस्टच्या पाण्याबरोबर ही काजळी ज्या जलाशयात उतरते, त्यातूनच पुणे शहराला पिण्याचे पाणी मिळते, ही गोष्ट मला इंजिनाच्या खर्चापेक्षाही जास्त बोचते.

तपासणी अवघड नाही. थ्रॉटलची केबल पंपावरचा लिव्हर शेवटच्या स्टॉपपर्यंत नेते का, हे आधी पाहावे. कित्येकदा दोष तिथेच सापडतो. जुन्या टॅकोमीटरवर विसंबू नये, क्रँक पुलीवर चमकती पट्टी चिकटवून फोटो टॅकोमीटरने फेरे मोजावेत. बोटीचा तळ स्वच्छ, टाकी भरलेली, माणसे नेहमीइतकी आणि पाणी खोल असावे. मे महिन्यात धरण आटलेले असताना घेतलेले आकडे उथळ पाण्यामुळे कमी येतात. इंजिन तापल्यावर काही मिनिटे पूर्ण थ्रॉटल देऊन फेरे स्थिर होऊ द्यावेत. जितके कमी पडतील, त्यात दर १५० ते २०० फेऱ्यांमागे साधारण एक इंच पिच कमी करावा लागतो. एखाद-दोन इंचांचा फरक कसबी कारागीर पाती वळवूनच काढून देतो.

शेजारच्या बोटीला जो पंखा आहे तोच आणावा, असाही त्या संदेशाचा शेवटचा आग्रह आहे. गिअरबॉक्सचे गुणोत्तर, शाफ्ट फिरण्याची दिशा आणि बोटीचे वजन जुळल्याशिवाय तो पंखा आपल्या कामाचा नाही. पंख्याच्या बोंडावर (मधल्या गाभ्यावर) कोरलेल्या आकड्यांवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये, कारण पाती एकदा ठोकून सरळ केली की पिच बदलतो आणि कोरलेला आकडा मात्र तसाच राहतो. माझ्या जुन्या पंख्यावर १२ कोरलेले होते, आणि पिच गेजवर ठेवल्यावर तो १३ इंच निघाला.