'वीसच्या आतला पट, म्हणून शाळेला कुलूप': खरं काय?

'पट २० च्या खाली गेला की आरटीई कायद्यानुसार शाळेचा निधी बंद होतो,' असा मेसेज पालकांच्या ग्रुपांवर फिरतोय. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात (म्हणजेच आरटीईत) तसं कलम नाहीच. उलट त्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक सांगितलेत. किमान पटाचा आकडा तिथे शोधून सापडत नाही.

मग हा वीस आला कुठून? राज्याच्या २०११ च्या नियमांतून. एक किलोमीटरच्या आत नवी प्राथमिक शाळा काढायची, तर शिकायला तयार अशी किमान २० मुलं हवीत, असं तिथे आहे. अट शाळा काढण्याची. लोकांनी ती बंद करण्याची केली!

गोंधळाला सरकारचाही हात आहेच. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तांच्या पत्राने कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळांचे, म्हणजे अशा लहान शाळा एकत्र करून एक मोठी शाळा करण्याचे, प्रस्ताव मागवले. वीसच्या आतल्या १४,७८३ शाळांचा आकडा तेव्हाच गाजला. पण ते मागवलेले प्रस्ताव होते, निधी बंद करणारा कायदा नव्हे. 'समग्र शिक्षा' या केंद्राच्या शालेय योजनेचं शाळा अनुदान पटानुसार कमी-जास्त होतं, एवढं मात्र खरं.